पडद्यामागचे पाय

बायकोच्या फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे, एवढंच काम होतं, आणि ते मी स्वतःहून मागून घेतलं. ती म्हणत होती, "लेकीचा फोन आला की तिला विचारून करते." इथे शहाणा नवरा गप्प बसला असता. मी म्हणालो, "एवढ्याशा कामाला लेक कशाला? अर्धं आयुष्य ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसलोय मी." (समोर बसलोय हे अगदी खरं आहे. त्याहून जास्त दावा मी केला नव्हता.)

आमची ही पडदे शिवते. मागच्या खोलीत मशीन टाकून आजवर तिने शेजारपाजारच्या खिडक्या झाकल्या. पण या वेळी डोळ्यांच्या एका नव्या दवाखान्याचं काम समोर आलं होतं. सगळ्या खोल्यांचे पडदे, शिवाय जिथे पूर्ण काळोख करून डोळे तपासतात त्या खोलीचे जाड पडदे. हे काम मिळालं की कोपऱ्यावरचा रिकामा गाळा भाड्याने घ्यायचा, असं तिच्या मनात होतं. ती तसं बोलायची नाही, पण त्या गाळ्यावरून जाताना तिची चाल हमखास मंद व्हायची.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा फोनवर फोटो पाहिले होते आणि त्यांना त्यातला जाड निळा पडदा आवडला होता. "आमच्या भागीदारांनाही दाखवू. पेन ड्राइव्हवर घेऊन या, मोठ्या टीव्हीवर बघू," असं त्या म्हणाल्या होत्या.

आता हे फोटो कसे काढले होते ते सांगायला हवं. आमच्या खिडकीवरचा रॉड मी मागे एकदा दुरुस्त केला होता, त्यामुळे त्यावर आता काहीच टांगता येत नाही. मग पडदा टांगायचा कशावर? माझ्यावर. लादी पुसायच्या मॉपचा दांडा पडद्यात ओवायचा, तो मी दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा आणि खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं. वर माझी बोटं, खाली गुडघ्यापासून पाय, आणि मधे पडदा.

त्यानंतर कितीतरी दुपारी ती फोन घेऊन बसली होती. लेकीने स्वतःचा जुना फोन आईला दिला होता आणि त्यावर फोटो सुधारायचे कसे तेही शिकवलं होतं. वरून माझी बोटं कापायची, खालून माझे पाय कापायचे. पडद्याने खिडकी झाकल्यामुळे भर दुपारी ट्यूब लावावी लागली होती; तिच्या उजेडात निळा रंग जांभळा आला होता, तो बोटाने सरकवत सरकवत निळ्यावर आणायचा. मधेच उठून खरं कापड फोनशेजारी धरून बघायची आणि परत बसायची. मी येताजाता म्हणायचो, "फोटोतसुद्धा शिवणकाम चाललंय वाटतं?" ती मान वर न करता बोट सरकवत राहायची.

तर मी वायर लावली. फोटो आले, पण सगळे जोडीने. आपल्या ओळखीचा फोटो जेपीजी आडनावाचा असतो. इथे प्रत्येक जोडीतला मोठा भाऊ होता एचईआयसी आणि धाकटा होता एएई. मोठ्यावर क्लिक केलं, तर कॉम्प्युटर मलाच विचारायला लागला, "ही फाइल कशाने उघडू?" हा प्रश्न मी त्याला विचारणार होतो.

मी एकाचं आडनाव पुसून जेपीजी लिहिलं. कॉम्प्युटर म्हणाला, फाइल खराब आहे. मी गुपचूप जुनं आडनाव परत दिलं.

मग धाकट्यांकडे वळलो. आकाराने इतक्या लहान फाइली, की त्यात फोटो असणं शक्यच नाही. एक उघडली, तर आत नुसती अगम्य अक्षरं. माझ्या अनुभवी डोळ्यांनी निकाल दिला, कचरा. सगळ्या एकदम निवडल्या आणि उडवल्या. वर रिसायकल बिनही रिकामी केली. तेवढ्यात फोन "जागा संपली" म्हणून कुरकुरला. फोटो कॉम्प्युटरवर आलेच होते, म्हणून ते मी फोनवरूनही काढले आणि काढलेले फोटो जिथे पडून राहतात तीही जागा साफ केली. (कामात मी अर्धवटपणा ठेवत नाही. घरातला रॉड बघा.)

उघडत नसलेले फोटो पेन ड्राइव्हवर घालून मी फोटो स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने ते चुटकीसरशी जेपीजी करून दिले. स्क्रीनवर काय आहे ते काउंटरच्या अलीकडून मला दिसत नव्हतं. त्याला मात्र दिसत होतं.

"काका, असेच द्यायचे?" त्याने विचारलं.

"असेच म्हणजे? सगळं एडिटिंग झालेलं आहे," मी म्हणालो.

"झालेलं आहे?"

"अहो, कितीतरी दुपारी घालवल्यात त्यावर!"

त्याने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग काउंटरवरून वाकून माझ्या पायांकडे. मला वाटलं, चपला बघतोय.

घरी आल्यावर ही म्हणाली, "एकदा बघून घेऊ या का?"

"तू नुसती चल," मी म्हणालो. "सगळं चोख आहे."

दवाखान्यातला मोठा टीव्ही नेमका बाहेर, पेशंट बसतात त्या हॉलमध्ये होता. डॉक्टरीणबाई आणि त्यांचे भागीदार टीव्हीसमोर उभे राहिले. ही ठेवणीतली साडी नेसून त्यांच्या शेजारी उभी होती. मी मागे एका खुर्चीवर बसलो. नर्स पेन ड्राइव्ह लावत असतानाच लेकीचा फोन आला.

"बाबा, आईचे फोटो नीट गेले ना कॉम्प्युटरवर?"

"एकदम. वर कचरासुद्धा काढला."

"कसला कचरा?"

"त्या एएई का कसल्या बारक्या फाइली होत्या ना, त्या. फुकट जागा अडवून बसलेल्या."

ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आईने जे एडिटिंग केलं ते त्यातच होतं. मोठ्या फाइलीत मूळ फोटो असतो. फोनवर आहेत ना अजून?"

मी फोन कानावरून खाली घेतला, कारण समोर टीव्ही लागला होता.

टीव्ही फारच मोठा होता. त्यावर जांभळा पडदा होता, पडद्याच्या वर माझी बोटं आणि खाली माझे पाय. एका पायात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता.

हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. डोळ्यांत औषधाचे थेंब घालून बसलेल्या आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, "मला पडद्याला पाय दिसतायत. थेंबांमुळे असेल का हो?"

"पुढचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढच्यात मी एका पायावर उभा राहून दुसऱ्याने पोटरी खाजवत होतो. त्याच्या पुढच्यात पडद्याच्या कडेने माझं तोंड बाहेर आलेलं होतं. ("झालं का?" असं मी विचारत असणार. हात भरून आले होते.) आता सगळा हॉल हसत होता. भागीदारांनी तोंडावर रुमाल धरला.

हिने एकदाच मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी सहन केला असता, रागाची मला सवय आहे. पण तिचा चेहरा पार उतरला होता. तिच्या सगळ्या दुपारी मी कचरा म्हणून फेकल्या होत्या आणि वर तिला इतक्या लोकांपुढे उभं केलं होतं. मला लाज वाटली. मॉपच्या दांड्याची नव्हे, मोज्याचीही नव्हे, माझीच.

"हे कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझे मिस्टर," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून आधी मला पाहिलं, मग खाली. मी पाय खुर्चीखाली घेतले.

"आणि मी फोनवर पाहिला तो रंग हा नव्हता."

उठून काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं. "चूक माझी आहे," एवढं म्हणायला मी उठलोही, पण सगळ्यांच्या नजरा परत माझ्या पायांकडे गेल्या. मी परत बसलो. त्याचीही लाज वाटली.

हिने मात्र पर्स उघडली, निळ्या कापडाचा तुकडा काढला आणि डॉक्टरीणबाईंच्या हातावर ठेवला. "रंग कापडावर बघा. फोटो मूळचे आहेत, सुधारलेले नाहीत. त्यामुळे खोटं काही दिसणार नाही." मग तिने टीव्हीकडे बोट केलं. "अंधाऱ्या खोलीच्या पडद्यातून उजेड येतो का, असं तुम्ही विचारलं होतं ना? आमच्या ह्यांच्या पाठीमागे उघडी खिडकी आहे. भर दुपार आहे. पाय लख्ख दिसतायत. पडद्यामागचं धड दिसतंय का कुठे?"

डॉक्टरीणबाई टीव्हीच्या जवळ गेल्या. डोळ्यांच्याच डॉक्टर त्या, बारकाईने बघणारच.

"नाही," त्या म्हणाल्या. "सावलीसुद्धा नाही."

"आणि चांगला भरलेला देह आहे," ही म्हणाली.

भागीदारांनी रुमाल काढून माझ्याकडे पाहिलं आणि पटल्यासारखी मान हलवली.

परतताना ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. कोपऱ्यावरचा गाळा आला तशी तिची चाल मंद झाली, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. बारक्या फाइली, बिन, फोन, सगळं. म्हणालो, "चुकलं माझं. तुझी मेहनत मला कळलीच नाही. तिथे उठून सांगायलाही जमलं नाही."

"तुम्ही उठलात ते पाहिलं मी," ती म्हणाली. "देवाची कृपा, बोलला नाहीत."

दोन दिवसांनी दवाखान्यातून निरोप आला. कोटेशन पाठवा, आणि सोबत तेच फोटो जोडा, पायांचे. ही सांगत गेली आणि मी टाइप करत गेलो. कापड, शिलाई, रॉड, बसवण्याची मजुरी. ("रॉड बसवायला बाहेरचा माणूस येईल," हे तिने ठळक अक्षरात करायला लावलं.) शेवटी म्हणाली, "आता खाली एक टीप घाला. फोटोत पडद्यामागे दिसणारी वस्तू किमतीत धरलेली नाही."

"वस्तू?" मी म्हणालो. "निदान एखादा बरा शब्द तरी घाल."

तिने खरंच विचार केला. "बरोबर आहे तुमचं. गिऱ्हाइकाची फसवणूक नको. 'जुनी वस्तू' करा."

मी निमूटपणे 'जुनी' घातलं आणि फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करायची, ते तिलाच विचारलं.