अळंबीची जागा आणि सिग्नेबाईंचं तोंड

“सप्टेंबरचा वक्ता मी असा आणणार, की जेवणानंतर एकालाही डुलकी लागणार नाही! लिहून ठेवा!”

गुरुवार मंडळाच्या बैठकीत सिग्नेबाईंनी असं ठणकावून सांगितलं, तेव्हा अध्यक्ष फोल्के नुसते हसले. हसणारच! दूरच्या थंड देशातल्या लिंडोसा गावाच्या या मंडळात दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी चाळीस माणसं एकत्र जेवत. मग बाहेरगावचा एखादा तज्ज्ञ भाषण करी, आणि त्या भाषणात फोल्के घोरत. एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं. दीपगृहांवरच्या भाषणात ते घोरले. मधमाश्यांवरच्या भाषणात घोरले. निद्रानाशावर बोलायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तर शेवटी त्यांच्याकडेच बोट दाखवलं आणि “हा झाला उपाय!” म्हणून भाषण आटोपलं.

सिग्नेबाई मंडळाच्या चिटणीस. वक्ते शोधायचं काम त्यांचं. स्वयंपाकघर एल्वीबाईंकडे. गुरुवारचा बेत ठरलेला होता: वाटाण्याचं दाट सूप आणि मग पॅनकेक व जॅम. जेवून घरी जाताना लोक म्हणत, “काय सूप होतं एल्वीचं!” वक्ता कोण होता, हे दाराबाहेर पडेपर्यंत विसरलेलं असे. आता तुम्हीच सांगा, एकतीस वर्षं एका सुपाने आपल्याला हरवावं, हे माणसाने किती सोसायचं?

यंदा मात्र सिग्नेबाईंनी अळंबीतज्ज्ञ डॉ. अल्गोत यांना गाठलं होतं. सात पुस्तकं लिहिलेला माणूस!

“अळंबीवाला का? मग सुपात थोडी अळंबी घालू?” एल्वीबाईंनी विचारलं.

“सुपाला हात लावू नकोस. सुपाच्या आधी टोस्ट. त्यावर लोण्यात परतलेली पिवळी अळंबी. माझी!”

सगळ्या माना सिग्नेबाईंकडे वळल्या.

“तुझ्या त्या जागेवरची?” फोल्केंनी आवाज खाली आणून विचारलं.

“माझ्या त्या जागेवरची.”

इथे ‘जागा’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या देशात जंगल कुणाचंही असो, अळंबी जो तोडेल त्याची. त्यामुळे कुंपण घालून उपयोग नाही, पाटी लावून उपयोग नाही. कुलूप लावायचं ते फक्त आपल्या तोंडाला. तिथली माणसं आपलं वय सांगतील, वजन सांगतील, शेजाऱ्याच्या घटस्फोटाची सगळी हकिगत सांगतील, पण पिवळी अळंबी कुठे मिळते, हे पोटच्या मुलांनाही सांगणार नाहीत. सिग्नेबाईंना ही जागा त्यांच्या आईने सांगितली होती, तीही शेवटच्या आजारपणात, नर्सला खोलीबाहेर काढून. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली तरी सिग्नेबाईंनी नवऱ्याला, इवारला, ती सांगितली नव्हती. सायकलवरून निघताना त्या आधी मुद्दाम उलट्या दिशेला, चर्चकडे जात आणि मग गावाला मोठा वळसा घालत. टोपलीवर लोकरीचं विणकाम पसरलेलं असे.

चाळीस टोस्ट म्हणजे थोडी अळंबी पुरत नाही. म्हणून सिग्नेबाईंनी मंगळवारी, आयुष्यात पहिल्यांदा, जागा पार साफ केली. नखाएवढी पिल्लंसुद्धा सोडली नाहीत.

गुरुवार उजाडला. टोस्ट असे उडाले, की सुपाची भांडी वाट बघत राहिली. “वा सिग्ने! काय चव!” असं टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुरू झालं. इवारने आपला टोस्ट नेहमीप्रमाणे दोन घासांत, जवळजवळ न चावताच संपवला. सिग्नेबाईंना भरून आलं. एल्वीबाई मात्र सूप वाढताना पळी अशी आपटत होत्या, की जणू वाटाण्यांशी जुनं वैर आहे.

एवढ्यावर थांबावं की नाही? पण उरलेली अळंबी सिग्नेबाईंनी एका देखण्या टोपलीत घालून वक्त्याच्या टेबलावर ठेवली होती. न धुता! अळंबी धुऊ नये, असं डॉक्टरांच्या चौथ्या पुस्तकातच लिहिलं होतं.

डॉ. अल्गोत उभे राहिले. फोल्केंनी सवयीने हात पोटावर ठेवून डोळे मिटले.

“मित्रहो, अळंबी आपला पत्ता स्वतःच सांगते,” असं म्हणत डॉक्टरांनी टोपलीतली एक उचलून भिंग लावलं. “उदाहरणार्थ, ही बघा!”

फोल्केंचा एक डोळा उघडला.

“देठाला हे पान चिकटलंय. भूर्जाचं! म्हणजे ही भूर्जाखाली उगवली. आणि हा लाल कण... थांबा हं... भाजलेली वीट! म्हणजे जवळपास जुनी वीटभट्टी असली पाहिजे. तुमच्याकडे आहे का हो अशी एखादी?”

फोल्केंचा दुसराही डोळा उघडला. चाळीस खुर्च्या एकदम पुढे सरकल्या. एल्वीबाईंनी एप्रनच्या खिशातून चष्मा काढला आणि मग पेन्सिलही काढली.

पाहुणा म्हणून बोलवावं, जेवायला वाढावं, आणि त्याने उठून आपल्या आईची ठेव चारचौघांत उघडी करावी? ही काय रीत झाली?

“कॉफी!” त्या ओरडल्या. “कॉफी घ्या सगळ्यांनी! गरम आहे!”

“बस गं जरा,” फोल्के म्हणाले. “भाषण रंगात आलंय.” हे एकतीस वर्षांत पहिल्यांदाच!

“अहो डॉक्टर, ती अळंबी इथली नाहीच! मी... मी दुकानातून आणली!”

“दुकानातून?” एल्वीबाईंची पळी हवेतच थांबली. “म्हणजे मंडळाला दुकानातलं खाऊ घातलंस? आणि मघापासून माझी माझी म्हणून मिरवतेस?”

“छे, छे! ही काल-परवा तोडलेली आहे,” डॉक्टर प्रेमाने म्हणाले. “बाई विनय दाखवताहेत.”

विनय! सिग्नेबाईंना ती टोपली डॉक्टरांच्या डोक्यावर उपडी करावीशी वाटली.

गावाच्या आसपास बंद पडलेल्या वीटभट्ट्या तीन. एक गिरणीमागे, एक तळ्याकाठी आणि एक जुन्या रेल्वेलाइनपाशी. मग काय, चाळीस जणांचं डोकं चालू लागलं!

“गिरणीमागची!” फोल्के म्हणाले.

“तिथे भूर्ज कुठेत? तळ्याकाठची असणार!” कुणीतरी म्हणालं.

सिग्नेबाई परत खुर्चीत टेकल्या. दोन्ही चूक होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. पाच मिनिटं! पाच मिनिटं गप्प बसणं काय अवघड आहे?

तेवढ्यात एल्वीबाई उरलेलं सूप ढवळत म्हणाल्या, “मला विचाराल तर ही तळ्याकाठच्या उकिरड्यातली असणार. पोहायला येणारे लोक कुत्री फिरवतात ना, तिथली. तरीच म्हटलं, टोस्टला कसला वास येतोय!”

“उकिरडा?” सिग्नेबाई उभ्या राहिल्या. खुर्ची मागे पडली. “कुत्री? माझ्या आईच्या जागेत? रेल्वेलाइनच्या भट्टीची चिमणी आहे ना, तिच्यापासून उत्तरेला शंभर पावलं, दुहेरी बुंध्याच्या भूर्जाखाली! तिथे पन्नास वर्षांत कुत्रं काय, माणूस फिरकलेला नाही!”

सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. ऐकू आली ती एल्वीबाईंची पेन्सिल.

मग सगळे एकदम सभ्य झाले. फोल्केंनी जेवणाबद्दल आभार मानले. भाषण चालू असतानाच! टाळ्या वाजल्या. कुणाला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, कुणाची मांजर आजारी होती. दहा मिनिटांत सभागृहात उरले ते डॉ. अल्गोत, चाळीस कप कॉफी आणि उरलेले पॅनकेक रुमालात बांधणारा इवार.

सिग्नेबाईंनी सायकल काढली. आज चर्चचा वळसा नाही, काही नाही, सरळ रेल्वेलाइन! पोहोचून बघतात तर भूर्जाभोवती जत्रा भरलेली. फोल्के उघडी छत्री उलटी धरून उभे होते. एल्वीबाईंच्या हातात सुपाचं मोठं पातेलं होतं.

“फिरायला आले होते,” एल्वीबाई म्हणाल्या.

“पातेलं घेऊन?”

“मग? त्यालाही जरा हवा नको का?”

पण सगळ्यांचे चेहरे पडलेले होते. शेवाळ उलथून झालं होतं, पानं बाजूला सारून झाली होती, पण पिवळा ठिपकासुद्धा सापडला नव्हता.

“फसवलंस की गं आम्हाला!” फोल्के कौतुकाने म्हणाले. “काय सोंग केलंस! खुर्चीसुद्धा पाडलीस! खरी जागा वेगळीच आहे, बरोबर ना?”

सिग्नेबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. आईची जागा वाचली! आता नुसतं मान हलवून घरी जायचं.

“तरी मी म्हणतच होते,” एल्वीबाईंनी नाक मुरडलं. “ही काय जागा आहे? इथे जन्मात कधी अळंबी उगवली नसेल!”

“जन्मात?” सिग्नेबाई कडाडल्या. “अगं, परवाच मी इथून...”

पुढचे शब्द बाहेर आलेच नाहीत. मागून आलेल्या इवारने एक अख्खा थंडगार पॅनकेक त्यांच्या तोंडात कोंबला होता.

“सकाळपासून नीट जेवलेली नाही ती,” तो लोकांना म्हणाला.

घरी जाताना दोघं सायकली हातात धरून चालत होती. पॅनकेक गिळून झाल्यावर सिग्नेबाईंनी विचारलं, “तुला कसं कळलं, की जागा खरंच तीच आहे?”

“चव्वेचाळीस वर्षं तुझ्या सायकलची चाकं कोण धुतं? चर्चच्या रस्त्यावर लाल माती कुठून येणार?”

सिग्नेबाई थबकल्या. “म्हणजे तुला सगळं माहीत होतं? आणि तू कधी तोडायला गेला नाहीस?” त्यांनी त्याच्या बाहीला हात लावला. “माझ्यासाठी?”

इवारने सायकलची घंटी उगाचच रुमालाने पुसली.

“रागावणार नाहीस ना?”

“मी कधी रागावते का?”

“मला अळंबी आवडत नाही गं.”

त्या दिवसापासून सिग्नेबाईंनी इवारशी अबोला धरला आहे. चव्वेचाळीस वर्षं एखाद्याला लोण्यात परतून खाऊ घालावं आणि त्याने ते नुसतंच गिळावं, याला काय म्हणायचं? ते काही नाही, त्याने माफी मागितल्याशिवाय त्या एक शब्द बोलणार नाहीत!

सायकलच्या चाकांची लाल माती मात्र अजून तोच धुतो. आणि हल्ली दारं लावून धुतो.