सोवनीकाकांचा जपानी ड्रेस

आमच्या शेजारचे सोवनीकाका मध्यंतरी रोज दुपारी हॉलमध्ये पालथे पडून एका भल्यामोठ्या कागदावर भिंग फिरवत असायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, "काका, काय शोधताय?" मान वर न करता ते म्हणाले, "बाही."

तो कागद जपानी शिवणाच्या मासिकातला. काकांना ते शनिवार पेठेत रद्दीच्या दुकानात मिळालं होतं. एकाच कागदावर कितीतरी कपड्यांच्या रेघा एकमेकींवर छापलेल्या. त्यातून आपली रेघ हुडकून पातळ कागदावर गिरवायची. जपानीचं एक अक्षर काकांना येत नाही. "अहो, अक्षरं हवीत कशाला? ड्रॉइंग खोटं बोलत नाही!" कारखान्यात जन्मभर ड्राफ्ट्समन होते. वरणभातावरचं तूपसुद्धा ते बरोबर मध्यावर सोडतात.

ड्रेस काकूंसाठी होता. उजवा हात लुळा पडल्यापासून काकूंना साडी नेसता येत नाही. दुसऱ्याकडून नेसवून घेणं त्यांना पटत नाही, आणि "गाऊनवर मी जिन्यापर्यंतही जाणार नाही," हे त्यांनी जाहीर केलेलं. त्यामुळे वर्षभर त्या वारज्याचं ऊन गॅलरीतूनच बघत होत्या. मासिक चाळताना त्या एका पानावर थांबल्या. सैल निळा ड्रेस, डोक्यावरून घातला की झालं. घातलेली बाई गवतात उभी राहून लांब कुठेतरी बघत होती. "किती निवांत आहे ही," एवढंच काकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी माळ्यावरून शिलाई मशीन उतरवलं.

त्या दुपारी मला फार आवडायच्या. पडद्यातून झिरपणारं पिवळसर ऊन, मशीनची झोपाळू खडखड, फरशीभर पसरलेलं निळं कापड आणि डुलकीतून मध्येच "अहो, रुमाल," म्हणणाऱ्या काकू. पूर्वी तो कमरेला खोचलेला असे. आता काका आपल्या खिशातून काढून द्यायचे. मी वाटी परत द्यायला म्हणून जायचे आणि तिथेच रेंगाळायचे.

पहिला ड्रेस काकूंच्या खांद्यांत अडकला. त्या मासिकात शिवणीसाठी जास्तीचं कापड धरलेलं नसतं, ते आपण सोडायचं असतं. काकांनी मात्र अगदी रेघेवर कापलेलं. आतून काकूंचा आवाज आला, "मी बारीक होईपर्यंत थांबणार आहात का?" मी हसले. काकांचा चेहरा मात्र एवढासा झाला.

"राहू द्या आता," ड्रेसमधून सुटल्यावर काकू म्हणाल्या. "मला कुठे जायचंय?"

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा पालथे पडलेले दिसले.

दुसरा ड्रेस छान बसला. रविवारी आम्ही तिघं रिक्षानं खडकवासल्याला गेलो. काकू पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, निळा ड्रेस वाऱ्यावर हलत होता, आणि त्या लांब कुठेतरी बघत होत्या. काकांनी ते मासिकही सोबत आणलेलं. मी चित्र ताडून बघितलं आणि मला खोड काढायची लहर आली.

"काका, चुकलात की! चित्रात खिसा उजवीकडे आहे. तुम्ही डावीकडे लावलात."

"माहितीये," काका म्हणाले. "ड्रॉइंगच चुकलं होतं."

तेवढ्यात काकूंनी डावा हात खिशात घालून रुमाल काढला आणि तोंड पुसलं. "अहो" म्हणाल्या नाहीत. सवयीनं आपल्या खिशात गेलेला काकांचा हात तिथेच राहिला.