बिनफलश्रुतीची पोथी

"दोनशे ऐंशी पानं ना मॅडम? आठ दिवसांत उडवते," असं राजेश्वरी छातीठोक सांगून आली होती. आमच्याकडं कुणी छातीठोक बोललं की शहाण्यानं ओळखावं, आता काहीतरी वाट लागणार!

चौऱ्याण्णव सालचा मे महिना. पोरगी अकरावी झालेली. बारावीला मराठीच्या मॅडम साहित्याचा खास वर्ग काढणार होत्या. जागा दहा, इच्छुक तीस. सुट्टीत एक कादंबरी वाचायची, जूनमध्ये तिच्यावर एकच प्रश्न, आणि त्या एका उत्तरावर कोण आत नि कोण बाहेर ते ठरणार. राजेश्वरीला त्या वर्गात जायचंच होतं. इंदापूरहून आमचं कळस गाव येईपर्यंत एसटीत तिनं पुस्तक मांडीवरून खाली ठेवलं नाही.

घात केला तो एका शब्दानं. घरात पाऊल टाकल्याबरोबर आजोबांनी, म्हणजे गेणबा आबांनी विचारलं, "सुट्टीत काय करनार गं?"

"मॅडमनी वाचन लावलंय."

झालं! आबांचा जन्म गेला मेंढरांमागं. अक्षराशी त्यांची ओळख नव्हती, पण 'वाचन लावणं' म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पोथी मांडायची, वस्तीला बोलवायचं, रोज एक अध्याय ऐकायचा. म्हाताऱ्याचे डोळेच भरून आले. "माझ्या बापाच्या हयातीत घरात वाचन न्हाय झालं, पोरी," म्हणाले, आणि पटका गुंडाळून वस्तीवरच्या चौदा घरांना सांगून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली चौरंग मांडलेला, त्यावर पिवळ्या फडक्यात कादंबरी, तिला हळदकुंकू, आणि समोर पंचवीस माणसं. 'आबा, ही नुसती गोष्ट हाय' असं ती म्हणणार होती. खरंच म्हणणार होती. पण तेवढ्यात शेजारच्या साखरबाईनं वाकून तिच्या पायाला हात लावला. "वाचनाराचं पाय धरावं, बाय." सतरा वर्षांच्या पोरीच्या पायांना तोवर बाभळीच्या काट्यांखेरीज कुणी विचारलं नव्हतं. तिला बरं वाटलं. ती गप्प बसली, आणि चुकली ती तिथंच.

"पयल्यापासनं वाच," आबांनी बजावलं. "पोथीतलं काय गाळायचं नसतं."

मग तिनं पहिल्यापासून वाचलं. "प्रथम आवृत्ती. सर्व हक्क राखीव. मुद्रणस्थळ पुणे." समोरच्यांनी हात जोडले.

सहा दिवस बरे गेले. कादंबरी होती एका मायलेकींची. आईशी भांडून गेलेली लेक, आणि वाट बघणारी आई. सातव्या प्रकरणात मात्र त्या लेकीला एक कंपाउंडर भेटला, आणि दोघं उसाच्या आडोशाला गेली. राजेश्वरीला घाम फुटला. समोर आबा बसलेले! "मग ती दोघं... देवळात गेली," तिनं वाचलं. पुढच्या तीन प्रकरणांत ती दोघं पाच वेळा देवळात गेली.

"लई भाविक मानसं," आबा मान डोलावत म्हणाले.

एकदा गाळायची सवय लागली की हात थांबत नाही बघा. शेवटचं प्रकरण तिनं आदल्या दिवशीच वाचून ठेवलं होतं. त्यात लेक येत नाही. आई वाट बघत मरते. आणि समोर पहिल्या रांगेत साखरबाई बसलेली. तिची लेक जयवंता वडगाव निंबाळकरला दिलेली. भावाच्या लग्नात मानाचं पातळ हलकं निघालं म्हणून रुसून गेली, ती दोन वर्षं माहेरी फिरकली नव्हती. साखरबाई अकराही दिवस त्या पुस्तकाकडं डोळे लावून बसली होती. तिच्यापुढं ते पान वाचायला राजेश्वरीची जीभ रेटेना. तिनं लेकीला एसटीतून उतरवलं आणि आईच्या गळ्यात घातलं. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. तेवढ्यावर भागलं असतं.

"आन् फलश्रुती?" आबांनी विचारलं. "आयकनाऱ्याला काय फळ मिळतं, त्ये शेवटाला लिवलेलं आसतंय. त्याबिगर वाचन पुरं न्हाय हुत."

पुस्तकात शेवटी शुद्धिपत्र होतं. राजेश्वरीनं त्यावर नजर रोखली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "जो हे वाचन मनोभावे ऐकेल, त्याचं दुरावलेलं लेकरू महिन्याच्या आत घरी येईल."

दुसऱ्या दिवसापासून साखरबाई फाट्यावर. अकराची एसटी यायची, माणसं उतरायची, धुरळा खाली बसायचा आणि साखरबाई परत यायची. तिनं घर सारवलं. जयवंताला आवडतात म्हणून कुरडया घातल्या. राजेश्वरी लिंबाखालून बघायची आणि तिला जेवण जायचं नाही. आपण दया केली असं तिला वाटलं होतं. आता तिला स्वतःची लाज वाटत होती.

महिना उलटला तशी ती साखरबाईच्या ओसरीवर गेली. "आजी, ती पोथी न्हवती. गोष्ट हाय ती. फलश्रुती मीच मनानं लावली. शेवटबी मीच बदलला."

साखरबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "पोथीला नावं ठिवू नगं, बाय. माजंच चुकलं. चवथ्या दिशी माजा डोळा लागला हुता. म्हनून फळ न्हाय मिळालं." आणि तिच्या ओच्यात कुरडया घालून म्हणाली, "पुढल्या सुट्टीत परत लाव. तवा मी झोपनार न्हाय."

राजेश्वरी रडत घरी आली. आबांनी विचारलं तर म्हणाली, डोळ्यात कुसळ गेलं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. मॅडमनी फळ्यावर प्रश्न लिहिला : 'या कादंबरीचा शेवट तुम्ही कसा बदलाल?' पोरं तुटून पडली. कुणी लेकीला विमानानं आणली, कुणी आईला दवाखान्यातून उठवली. पुरवण्या घेतल्या. राजेश्वरी तासभर कोऱ्या कागदाकडं बघत बसली आणि शेवटी तिनं दोनच शब्द लिहिले : 'बदलू नये.'

खास वर्गाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. कागद परत मिळाला, त्यावर मॅडमनी लाल शाईनं शेरा मारलेला : 'कल्पनाशक्तीचा पूर्ण अभाव.'