घरोब्यावरचा अबोला

सकाळी फोन वाजला तेव्हा चष्मेवाले जेवणाच्या टेबलाशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. फोनवर बायकोचा निरोप होता: ‘चहा टेबलावर ठेवला आहे. गार झाला तर तक्रार चालणार नाही.’ बायको टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून सहावीच्या गणिताचे पेपर तपासत होती. चहा दोघांच्या मधोमध होता. निरोपात खोटं काहीच नव्हतं. फक्त तो चष्मेवाल्यांबरोबर त्यांच्या आत्याबाईंना, बायकोच्या मावसबहिणीला, वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना आणि दोन्हीकडच्या झाडून साऱ्या नातेवाइकांनाही गेला होता. चष्मेवाल्यांनी कप उचलेपर्यंत आत्याबाईंचं उत्तर आलं, ‘त्याला साखर कमी घालत जा गं.’ मावसबहिणीने लाल बदाम पाठवला. दंतवैद्यांनी विचारलं, ‘आपण दोघं एकाच घरात राहता ना?’

ही सगळी ‘घरोबा’ची कृपा. ‘घरोबा’ म्हणजे माणसांना माणसांच्या जवळ आणणारी अगदी नवीकोरी सेवा, आणि ती काढणारा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला घरात सगळे संचालक म्हणत. आजवर त्याने जे जे काढलं त्याचा तो संचालक होता, आणि त्यात दुसरं कोणीच नसल्यामुळे संचालन करताना त्याला कधी अडचण आली नव्हती. छत्र्या भाड्याने देण्याचा धंदा त्याने ऐन उन्हाळ्यात सुरू केला होता. हरवलेल्या मोज्याचा जोडीदार शोधून देणारी योजना पहिल्याच मोज्यापाशी अडली ती अडलीच. तरी बहिणीचा त्याच्यावर विश्वास होता, कारण बहिणींना तो असतो.

‘घरोबा’चं उद्घाटन गेल्या रविवारी चष्मेवाल्यांच्याच बैठकीच्या खोलीत झालं. संचालकाने भिंतीवर रंगीत चित्रं पाडून सेवा समजावून सांगितली. इथे खासगी निरोप हा प्रकारच नव्हता. आपल्या माणसांत लपवायचं काय, असं त्याचं तत्त्व होतं, त्यामुळे एकाला लिहिलेलं सगळ्यांना जायचं. शिवाय सेवा रोज सकाळी ‘आज कसं वाटतंय?’ म्हणून विचारायची आणि हसऱ्यापासून रडव्यापर्यंत चेहऱ्यांची रांग दाखवायची. त्यातला एक निवडला की दिवसभराचा घरोबा पार पडला. शेवटी संचालकाने काही शंका आहेत का, असं विचारलं. हे असं विचारतात ते शंका नसाव्यात म्हणून, हे चष्मेवाल्यांना उभ्या जन्मात कळलं नव्हतं.

"मला आत्याशी बोलायचं असलं तर मी तिला फोन करतो," ते अगदी सरळ मनाने म्हणाले. "मग ह्याचा उपयोग काय?"

आधी दंतवैद्य हसले. मग जे तासभर जांभया दाबत होते ते सगळेच हसले. संचालकाचा चेहरा त्याच्याच रांगेतल्या शेवटच्या चेहऱ्यासारखा झाला. बायकोने कप गोळा केले आणि त्या क्षणापासून अबोला धरला. वर्गात चाळीस पोरांना नुसतं गप्प राहून सरळ करणारी बाई ती. आरडाओरडा हे तिचं हत्यारच नव्हतं. मात्र भावाच्या सेवेचा मान राहावा म्हणून घरातलं जे काही सांगायचं ते तिने ‘घरोबा’वर सांगायला सुरुवात केली.

चष्मेवाल्यांना हा अबोला फार जड गेला. दिवसभर आपल्या चष्म्यांच्या दुकानात ‘खालची ओळ वाचा’, ‘आता स्पष्ट दिसतंय का’ एवढंच बोलून झालेला माणूस संध्याकाळी बायकोकडून शाळेच्या गोष्टी ऐकायला घरी यायचा. कोणी कोणाचा डबा खाल्ला, मुख्याध्यापक कोणावर घसरले, कोणत्या पोराने भागाकाराला नवीन वाट काढली, हे ती असं सांगायची की त्यांचा शीण उतरायचा. आता घरात फक्त फोन वाजत होता.

ते आधी तोंडाने उत्तरं देऊन पाहत. तिला ती ऐकू येत नसत. मग नाइलाजाने त्यांनी लिहिलं, ‘चहा मिळाला. छान झालाय.’ ताबडतोब उत्तर आलं, ‘म्हणजे रोज नसतो.’ आत्याबाई भाच्याच्या बाजूने धावून आल्या, मावसबहिणीने त्यांना अडवलं, आणि दुपारपर्यंत दोन्ही घराण्यांनी एकमेकांच्या चहाचा वीस वर्षांचा इतिहास उकरून काढला.

दुसऱ्या दिवशी बायकोने पलंगावर पडलेल्या ओल्या टॉवेलचा फोटो टाकला. तो पाहायला शाळेतल्या शिक्षिका ‘घरोबा’त आल्या, त्यांच्यामागून पालक आले, दंतवैद्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेले लोकही आले. चष्मेवाल्यांनी जाहीर माफी लिहिली. बायकोने तिला दहापैकी चार गुण दिले आणि खाली शेरा मारला: ‘कारण लिहिलेले नाही.’ चार गुण जास्त झाले की कमी, ह्यावर अनोळखी माणसं हमरीतुमरीवर आली. दुकानात एक आजोबा नवीन चष्मा घालून आरशात न बघता चष्मेवाल्यांकडेच निरखून बघत राहिले आणि म्हणाले, "टॉवेल वाळत घालत चला हो, फार काही अवघड नसतं ते." चष्मेवाल्यांनी मान खाली घालून त्यांच्या चष्म्याच्या काड्या घट्ट केल्या.

शेवटी त्यांनी हात टेकले. संचालकाची माफी मागावी, म्हणजे घरातली माफी आपोआप मिळेल, असा हिशेब करून त्यांनी त्याला दुकानात बोलावलं आणि आपलं चुकलं, सेवा उत्तम आहे, ताईला तसं सांग, असं एका दमात सांगून टाकलं. संचालक पांढराफटक पडला.

"भावोजी, एवढ्यात नको," तो म्हणाला.

"एवढ्यात नको म्हणजे?"

"शनिवारी पैसे घालणारे गृहस्थ येतायत सेवा बघायला. लोक येतात ते तुमचं भांडण वाचायला. बाकीचे सकाळी चेहरा निवडतात नि जातात. तुम्ही दोघं बोलायला लागलात तर मी त्यांना दाखवू काय?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "माहेर हा विषय अजून निघालाच नाहीये. तेवढा काढा ना."

चष्मेवाले दुकान तसंच बंद करून घरी आले आणि पेपर तपासणाऱ्या बायकोला, ऐकू येवो न येवो, सगळं सांगून मोकळे झाले. लाल पेन मध्येच थांबलं.

"माहेर काढा म्हणाला?" ती म्हणाली. "मला रोज फोन करून सांगतो, ताई, इतक्यात नमतं घेऊ नकोस, तुझ्या मानाचा प्रश्न आहे."

ती आधी चिडली, मग हसली, आणि तो आवाज ऐकून चष्मेवाल्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसण्याचं निमित्त केलं. भाऊ नालायक होता ह्यावर दोघांचं एकमत झालं. पण नालायक झाला तरी भाऊच, तेव्हा शनिवारपर्यंत त्याच्यासाठी भांडण चालू ठेवायचं असं ठरलं.

मधल्या सगळ्या संध्याकाळी फार सुखाच्या गेल्या. दोघं शेजारी शेजारी बसत, गरम चहा घेत आणि एकमेकांच्या वतीने एकमेकांवर तोंडसुख घेत. त्यांच्या घोरण्यावरची ओळ त्यांनीच तिला सुचवली. तिच्या माहेरच्या लोकांच्या जेवणाच्या वेगाबद्दलची ओळ तिची होती. लिहिता लिहिता ती शाळेतली एखादी गोष्ट सांगे आणि दोघं हसत. ‘घरोबा’वर मात्र आत्याबाईंनी अन्नपाणी सोडण्याची धमकी दिली होती आणि मावसबहीण वकिलांचे पत्ते देत होती.

शुक्रवारी संचालकाने कळवलं की उद्यासाठी काहीतरी जबरदस्त हवं. चष्मेवाल्यांच्या अंगात आता लेखक संचारला होता. त्यांनी थोडा विचार केला आणि चुटकी वाजवली.

"लिही माझ्या नावाने. ‘रोज संध्याकाळी त्याच त्या शाळेच्या गोष्टी ऐकून माझे कान किटले आहेत.’"

बायकोचं बोट फोनवर तसंच राहिलं. "हे तुम्हाला आत्ता सुचलं?"

"सुचायचं काय त्यात? खरं वाटेल असं हवं ना. लोकांना बरोबर पटतं ते," चष्मेवाले कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले.

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला, पेपरांचा गठ्ठा उचलला आणि आतल्या खोलीत गेली. आपण काय बोललो हे चष्मेवाल्यांना समजलं तोवर आतून कडी लागली होती. त्यांनी दाराशी उभं राहून, ती ओळ खोटी आहे, त्या गोष्टींसाठी तर मी घरी येतो, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. आतून पेपर उलटल्याचा आवाज येत राहिला.

शनिवारी सकाळी ‘घरोबा’वर तिचं काहीच नव्हतं. चहाचं नाही, टॉवेलचं नाही, एक चेहराही नाही. हजारभर लोक ताटकळले. दुपारी आत्याबाईंनी लिहिलं, ‘मिटलं वाटतं दोघांचं. देव पावला.’ मग जी रीघ लागली ती थांबेना. मावसबहिणीने बदामांची माळ पाठवली. दंतवैद्यांनी अभिनंदन केलं. टॉवेलवाले आजोबा मुद्दाम दुकानात येऊन पाठ थोपटून गेले. पैसे घालणारे गृहस्थ अर्धा तास तिचं त्या दिवसाचं रिकामं पान बघत बसले, मग त्यांनी रांगेतला एक साधारण चेहरा निवडला आणि ते निघून गेले.

संध्याकाळी संचालक तरातरा घरी आला. दार चष्मेवाल्यांनी उघडलं. "एक दिवस थांबायला काय झालं होतं?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "संसार काय, उद्यापासून गोडीत केला असतात. माझं सगळं बुडालं ना, भावोजी." चष्मेवाल्यांनी त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. तेवढ्यात आतल्या खोलीची कडी निघाली आणि बायको बाहेर आली. संचालक तिच्याकडे वळला.

"ताई, तू तरी सांग ह्यांना. आज रात्रीपुरतं एकदा भांडा. फक्त एकदा."

तिने भावाकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"कशावरून भांडायचं?" ती शांतपणे म्हणाली. "आमच्यात काहीच झालेलं नाही."

संचालक डोकं धरून खुर्चीत बसला. चष्मेवाले त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि त्यांनीही डोकं धरलं. टेबलावर फोन वाजतच होता. लोकांचं अभिनंदन अजून संपलं नव्हतं.