शिसवी पलंगाची मालवणावर स्वारी

श्री लक्ष्मीनारायण समर्थ. वालावल मुक्कामी राजमान्य राजश्री भाई, सुपारीच्या बागेचे धनी, आणि त्यांचे कुटुंब सौभाग्यवती सुशीलाबाई, यांचा शिसवी पलंग मालवणास चिरंजीवांचे बिऱ्हाडी कोणत्या शर्थीने दाखल जाहला, त्याची हकीकत घडली तैसी लिहिली. ऐकणाराने मध्येच चहास उठू नये.

सुशीलाबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन होऊन डॉक्टरसाहेबांनी फर्मान काढले की, मालवणास रोज व्यायामास यावे, आणि निजणे उंच बिछान्यावर असावे. म्हणोन चिरंजीव कौस्तुभराव यांच्या फ्लॅटात, दुसरे मजल्यावर, मातोश्रींचा मुक्काम ठरला. परंतु तेथील पलंग प्लायवूडचा, पोटात गोधड्या साठवणारा, आणि ऐसा ठेंगणा की त्यावरून उठणे म्हणजे विहिरीतून वर येणे. मग भाईंनी ओसरीवर प्रतिज्ञा केली की, घरचा शिसवी पलंग मालवणास पोचवीन तरच नावाचा भाई. आपण मात्र बागेच्या शिंपणासाठी वालावलीसच राहू, ऐसेही जाहीर केले. पलंग गेल्यावर त्या रिकाम्या खोलीत एकट्याने चटईवर निजणे कैसे होईल, हे मनात येताच त्यांनी तंबाखूची डबी उघडली.

आता पलंगाची थोरवी काय वर्णावी! अंगकांती काळीजांभळी, आणि तीत गडद रेघा वाहत्या पाण्याप्रमाणे. वजन ऐसे की चौघे गडी उचलता पाचव्यास हाका मारीत. शेजारचे आंब्याच्या फळ्यांचे कपाट वाळवीने पीठ करून टाकले, आणि तीच वाळवी पलंगाच्या पायापाशी येऊन तोंड फिरवून गेली. सुताराची पटाशी त्यावर बोथट होई, आणि नुसते फडके फिरविता भाईंस आपल्या मिश्या त्यात दिसत.

सूनबाई प्राजक्ताबाई यांचे माहेर विजयदुर्ग, सबब शरण जाणे ठाऊक नाही. त्यांनी फोनवरून बजावले की, पलंग आमचे जिन्यात मावणार नाही. भाईंनी उलट कळविले की, मावत नसेल तर जिना बदलावा.

मग सुमुहूर्त पाहून टेम्पोने कूच केले, आणि मागून मोटारीत पाय लांब करून सुशीलाबाई, ऐसी स्वारी मजल दरमजल करीत इमारतीखाली दाखल जाहली. सुशीलाबाईंनी काही सांगण्यास तोंड उघडले, तो भाईंनी फर्मावले की, युद्धप्रसंगी कुटुंबाने मोटारीतच असावे. लिफ्ट नामे पेटीने माणसे स्वीकारली आणि पलंग नाकारला. मग जिन्याने सुलतानढवा केला. पहिला मजला फत्ते जाहला, आणि वरचे वळणावर पलंग ऐसा रुतला की पुढे जाईना, मागे येईना. वरचे लोक वर थांबले आणि खालचे खाली, लिफ्ट मोकळी असता तमाशा सोडून कोणी हलेना, आणि एका बाईंच्या पिशवीतले बांगडे वास देऊ लागले.

तेव्हा इमारतीचे चेअरमन सत्यवानराव करवत घेऊन चालून आले. ते पाहताच भाई पलंगावर चढून आडवे जाहले. पलंग तिरका, सबब भाई घसरत घसरत सत्यवानरावांच्या पोटापाशी येत, आणि पुन्हा वर सरकत.

"आधी माका कापा, मगे पलंग!" भाई गरजले.

"भाईनू, तुमका कापून जिनो मोकळो होवचो नाय," सत्यवानरावांनी अदबीने अर्ज केला.

इतक्यात लिफ्ट पहिले मजल्यावर उघडली आणि वॉकर टेकीत खाशा सुशीलाबाई प्रकट जाहल्या. त्या म्हणाल्या, "उतरा आधी खाली! ह्या पलंगाक एक खिळो नाय. माझ्या लग्नात तो सुटो होवन होडयेतसून इलो, आणि खुंट्ये मारून उभो केलो."

"मगे आधी कित्याक सांगूक नाय?"

"सांगूक गेलंय तर तुमी माका गाडयेत बसवन ठेवल्यात!"

मग भाईंनी पलंगावरून उतरून हातोडी घेतली आणि खुंट्यांवर घाव घातले. परंतु इतक्या वर्षांच्या पॉलिशने त्या मुरल्या होत्या, हलेनात. तेव्हा वरून प्राजक्ताबाई वरवंटा घेऊन लिफ्टने उतरल्या, पदर खोचला, आणि खालून ऐसा टोला दिला की पहिली खुंटी उडून सत्यवानरावांच्या चपलेपाशी पडली. उघड्या पडलेल्या खाचेस नाक लावून त्या म्हणाल्या, "आई, ह्येका अजून लाकडाचो वास येता गो! गोडसर." सुशीलाबाई वॉकर सोडून सुनेच्या खांद्यावर टेकल्या आणि त्यांनीही वास घेतला.

मग एकेक बाजू सुटत गेली, वाट मोकळी जाहली, आणि बांगडेवाल्या बाई प्रथम पार जाहल्या. दुसरे मजल्यावर पलंग पुन्हा उभा राहिला, आणि सूनबाईंनी आपण होऊन प्लायवूडचा पलंग त्याच टेम्पोने वालावलीस धाडण्याचा हुकूम दिला. सुशीलाबाई बसून पाहतात तो पाय जमिनीस नीट टेकले, आणि उठणे हात न धरता जाहले.

भाईंनी टोपी उचलली आणि निघतो म्हणाले. सुशीलाबाईंनी विचारले, "खंय चाललात?"

"बागेक पाणी..."

"तां आपलो गडी बाबली घालतलो, माझां त्याच्याशी बोलणां झालां. थंय एकटे रवान काय करतलात? हयसर दोघांका जागा आसा."

भाईंनी दारात उभ्या सत्यवानरावांकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, आणि टोपी भिंतीच्या खुंटीस लावली.

येणेप्रमाणे मालवणची मोहीम फत्ते जाहली. जिन्याच्या भिंतीचा रंग गेला, सत्यवानरावांची करवत अबोल परत गेली. वालावलकर सेनापती किल्ला सर करून त्याच किल्ल्यात कैद जाहले, आणि दोन प्रहरी जेवण होताच भिंतीकडची बाजू मिळवून घोरू लागले. लेखनसीमा.