आप्पा आमच्या लॅपटॉपमध्ये

चार स्क्रू काढायचे, डिस्क उचलून दुसऱ्या लॅपटॉपमध्ये बसवायची आणि चार स्क्रू परत लावायचे. एवढंच काम होतं. निदान व्हिडिओतला माणूस तसं म्हणत होता, आणि दोन मिनिटांत करून वर हसतही होता. मी म्हटलं, आपणही करू. (माझी सगळी संकटं याच वाक्याने सुरू झाली आहेत. लग्नसुद्धा.)

लॅपटॉप माझे सासरे नीलकंठराव, म्हणजे आप्पा, यांचा होता. आप्पा जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्यामागून लॅपटॉपनेही मान टाकली. स्क्रीन कायमची काळी. पण आतल्या डिस्कवर आप्पांचा आवाज होता. आमच्या सलोनीला मराठी समजते, पण बोलायला गेली की ती हिंदीत घसरते, म्हणून आजोबांनी तिच्यासाठी गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. सासूबाई याच शहरात, पण लांब अधारतालला एकट्याच राहतात. वर्षभरात त्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. परवा मात्र माझ्या बायकोला म्हणाल्या, "विनीता, श्राद्धाच्या दिवशी यांचा आवाज ऐकवशील का गं?"

विनीताने मला बजावलं, "गोरखपूर बाजारात गौतमभैयाच्या दुकानात द्या. ते करून देतात. तुम्ही हात लावू नका. ती डिस्क गेली तर आप्पा दुसऱ्यांदा जातील."

म्हणून मी ती शाळेत शिकवायला जाईपर्यंत थांबलो.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. ती मी विनीतालाही सांगितलेली नव्हती. आप्पांच्या दहाव्याला आम्ही ग्वारीघाटावर होतो आणि पिंडाला कावळा शिवत नव्हता. माझा मेहुणा अनुपम म्हणाला, "आप्पा, आईची काळजी करू नका." कावळा ढिम्म. विनीता म्हणाली, "आप्पा, मी रोज फोन करीन." कावळ्याने मान फिरवली. ऊन चढलं, माझे पाय भाजायला लागले. शेवटी मी मनातल्या मनात म्हटलं, 'आप्पा, आईंना मी आमच्या घरी घेऊन येतो.' वाक्य पुरतं संपलंही नव्हतं, तोच कावळा आला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. घरी आलो आणि ते सगळं विसरून गेलो. (विसरलो म्हणजे, आईंची पहाटे साडेचारची भजनं आठवली.)

तर त्या दिवशी सकाळी विजय नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एकटा होतो. स्क्रू लोणच्याच्या बरणीच्या झाकणात काढून ठेवले. आप्पांची डिस्क निघाली ती एवढीशी, च्युइंग गमच्या पट्टीएवढी. एका माणसाचा सगळा आवाज एवढ्याशा पट्टीत, आणि ती माझ्या हातात! आमच्या लॅपटॉपमधली डिस्क काढून तिथे ती बसवली, झाकण लावलं. एक स्क्रू उरला. तो मी खिशात टाकला आणि बटण दाबलं.

आमच्या लॅपटॉपवर रोज 'वेलकम अच्युत' असं येतं. त्या दिवशी आलं, 'वेलकम नीलकंठ'.

आता डिस्कच आप्पांची, तर नाव त्यांचंच येणार, हे मला आज कळतं. तेव्हा मी दचकून मागे सरकलो. पासवर्ड त्याने मागितलाच नाही. (आप्पांनी तो कधी ठेवलाच नव्हता. "चोराला बिचाऱ्याला त्रास काहून द्यायचा?" असं म्हणायचे.) मग स्क्रीनवर स्कूटरवर बसलेले खुद्द आप्पा आले आणि माझ्याकडे बघत राहिले. कोपऱ्यात वायफाय आपोआप लागलं. म्हणजे त्याने आमचं घर ओळखलं होतं.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा घरघरत थांबला. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू राहिला. घर इतकं शांत झालं की मला माझंच गिळणं ऐकू आलं. आणि लॅपटॉप खाकरला.

"अहं… अहं."

आप्पा आमच्याकडे यायचे तेव्हा दाराबाहेर अस्सेच खाकरायचे. मी सवयीने पाय खाली घेतले आणि बनियन सारखी केली.

"काहून?" आप्पांचा आवाज आला. "काय कबूल केलं होतं? घरी आणलं का? कधी आणणार?"

एवढं बोलून आवाज थांबला.

भास असेल, असं स्वतःला समजावलं. पाण्याचा ग्लास भरून आणला. पाच मिनिटं गेली असतील.

"अहं… अहं. काहून? काय कबूल केलं होतं? घरी आणलं का? कधी आणणार?"

पाण्याचा ग्लास सुटला. घाटावर मी मनात बोललो होतो! मनातलं त्या कावळ्याशिवाय कोणाला माहीत होतं? मी सहज गॅलरीकडे पाहिलं. कूलरवर एक कावळा बसला होता. (विजय नगरमध्ये कावळे पुष्कळ आहेत. पण तो माझ्याकडेच बघत होता.) मी स्क्रीनवर मेसेजचा चौकोनबिकोन काही आलाय का ते बघायला हवं होतं, पण आप्पांच्या नजरेला नजर देण्याची माझी हिंमत नव्हती. लॅपटॉप बंद करावा तर विनीताचे शब्द आठवत होते. आप्पा दुसऱ्यांदा जातील, आणि तेही माझ्या हातून!

तिसऱ्यांदा खाकरणं ऐकू आलं तेव्हा मी जमिनीवर होतो.

"आप्पा, चुकलं!" मी हात जोडून ओरडलो. "आईंना उद्याच घेऊन येतो! आतली खोली देतो! भजनं म्हणू दे त्यांना, मी झांजा वाजवतो! मनातून लाज वाटत होती आप्पा, खरंच वाटत होती!"

"कधी आणणार?" आप्पा म्हणाले.

"उद्या! सकाळी नऊला! टॅक्सी करून!" असं म्हणत मी लॅपटॉपवर डोकं टेकवलं. आवाज तत्क्षणी बंद झाला. कावळा उडाला. लाइट आली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"उठा आता," मागून विनीता म्हणाली. "कीबोर्डात पाणी जाईल."

दारात ती पर्स खांद्याला लावून उभी होती. परीक्षेमुळे शाळा लवकर सुटली होती. तिचेही डोळे लाल होते. बापाचा आवाज वर्षाने ऐकला होता तिने.

"विनीता, आप्पा बोलले! तू ऐकलं ना? आईंना कधी आणणार म्हणून विचारत होते!"

"दळण," विनीता म्हणाली.

"काय?"

"आप्पा चक्कीवरचं दळण घरी आणायचं रोज विसरायचे. म्हणून लॅपटॉपवर स्वतःलाच रागवून ठेवलं होतं त्यांनी. सलोनीनं रिमाइंडर लावून दिला होता. बटण दाबेपर्यंत दर पाच मिनिटांनी बोलतो. तुमचं डोकं एंटरवर पडलं, तेव्हा बंद झाला."

मी जमिनीवरून उठलो. "तू किती वेळची इथे उभी आहेस?"

"दुसऱ्या खाकरण्यापासून."

"मग बोलली काहून नाही?"

विनीताने पदराने डोळे पुसले. "तुम्ही आईला आणतो असं म्हणून राहिले होते. मध्ये दळण कशाला आणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला टॅक्सी करून आई आल्या. श्राद्धाच्या दिवशी त्यांनी सगळ्या गोष्टी ऐकल्या, डोळे मिटून. शेवटी रिमाइंडर वाजला तेव्हा मात्र पहिल्यांदा हसल्या. विनीताने विचारलं, "आई, हा बंद करून टाकू?"

"राहू दे," आई म्हणाल्या. "तेवढंच रोज बोलणं होतं."

तेव्हापासून रोज सकाळी अकराला आप्पा आमच्या घरात खाकरतात. कबूल काय केलं होतं ते विचारतात. आई फक्त माझ्याकडे बघतात. मी उठतो, डबा घेतो आणि चक्कीवर जातो. घरात आता दोन पिंपं भरून पीठ आहे. काल चक्कीवाल्याने डबा घेता घेता फार अदबीने विचारलं, "बाबूजी, आपके घर रोज भंडारा चल रओ है का?"