गणवीर काकांची गाडी विकणे आहे

गणवीर काका गाडी पुसत नाहीत. फुंकतात.

रोज सकाळी, चहाच्याही आधी, सायकलचा हातपंप घेऊन ते गाडीभोवती फिरतात. बॉनेटवर फुस्स, काचेवर फुस्स, दाराच्या कडीखाली वाकून फुस्स. आमची वस्ती कोराडी रस्त्याला, वीज केंद्राजवळ आहे. इथे धूळ आणि राख वाळत घातलेल्या कपड्यांवर असते, उघड्या राहिलेल्या वरणावर असते, तशी गाडीवरही असते. बाकीचे लोक फडकं मारून मोकळे होतात. काका म्हणतात, "फडकं मारलं का रंग घासला. फुंकलं का राख गेली, रंग तिथंच." फुंकण्याची फेरी संपेपर्यंत जिथून सुरुवात केली तिथे नवी राख बसलेली असते. काका एकदा तिच्याकडे पाहतात, एकदा पंपाकडे, आणि चहाला जातात.

गाडी अमेरिकन आहे. लांबच लांब, दोन दारांची, आठ सिलिंडरची. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. त्यांची जाहिरात मी फुकट का करू? सुरू झाली की शेजारच्या घरातली भांडी वाजतात. फाटकापासून पानठेल्यापर्यंत जाऊन येईस्तोवर एखादी मोटारसायकल आठवडाभर चालेल इतकं पेट्रोल पिते. मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील युनियनची पत्रकं लिहायचे, आई ती दुमडायची, आणि मी अक्षरं शिकले ती 'जाहीर सभा' आणि 'जाहीर निषेध' यांवरून. असल्या मिजासखोर यंत्राबद्दल माझं मत काय असेल, ते वेगळं सांगायला नको. मी ते काकांना सांगितलंही होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडीखाली बोट दाखवलं. तिथे ऑइल ठिबकत होतं, आणि ठिबकणारं ऑइल जमिनीवर पडू नये म्हणून वस्तीच्या पाण्याच्या टाकीबद्दल मी काढलेली पत्रकं नीट ओळीत अंथरलेली होती.

"काका! ही वाचायला दिली होती!"

"वाचली ना वं, लीडर. मंग अंथरली. मजबूत कागद आहे तुया पत्रकाचा. दुसऱ्याचं पत्रक तर एका दिवसात गळते."

ते मला लीडर म्हणतात. यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

काका वीज केंद्रात स्टोअरकीपर होते. नोकरीचा सगळा काळ माल घेणं आणि माल देणं यात गेला, आणि त्यातून एक शब्द त्यांच्या जिभेवर कायमचा बसला: मूळ स्थितीत. यंत्राच्या कामाला आलेला एक अमेरिकन साहेब परत जाताना ही गाडी रीतसर कागद करून काकांना विकून गेला. तेव्हापासून तिचा रंग तोच, सीट तीच, डाव्या दाराजवळचा पोचासुद्धा साहेबाचाच. काकांचा दात पडला तेव्हा डॉक्टर म्हणाला, कवळी बसवू. काका म्हणाले, "राहू द्या, मूळ स्थितीत बरा आहे." मी केस बारीक कापून आले तर मला चारही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "हे काही मूळ स्थितीत नाही." काकूंनी भाजीत टोमॅटो जास्त टाकले तरी हाच शेरा.

तर अशा माणसाची गाडी विकण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

काम काकूंनी दिलं. सुशीलाकाकूंना साखरेचा त्रास जुना, आणि आता साखर डोळ्यांपर्यंत पोचली होती. धंतोलीच्या दवाखान्यात डोळ्यात इंजेक्शन, मग तपासणी, मग पुन्हा इंजेक्शन. एकदा मीही सोबत गेले होते. डॉक्टर चांगले होते, त्यांनी स्पष्ट सांगितलं, "जे गेलंय ते परत येणार नाही. जे आहे ते टिकवता येईल, पण तारीख चुकवायची नाही."

काकांनी विचारलं, "म्हणजे मूळ स्थितीत नाही येणार?"

"नाही."



आता इथून दोन बस बदलून धंतोली गाठायची म्हणजे तारीख चुकणारच, आणि ती चुकत होती. म्हणून दवाखान्यामागच्या गल्लीत भाड्याचं घर पाहून ठेवलं होतं. घर चांगलं होतं. फक्त खाली एक स्कूटर लागायची, तीही आडवी. गाडीला जागा नव्हती. आणि काकांनी जाहीर केलं होतं की गाडी चांगल्या हातात गेल्याशिवाय ते घर सोडणार नाहीत.

"तूच विक वं पोरी," काकू म्हणाल्या. "हे विकत नाहीत. हे गाडीले पोरगी समजतात, अन् स्वतःले पोरीचा बाप."

मी जाहिरात लिहिली: दुर्मिळ अमेरिकन गाडी, उत्तम अवस्थेत. काकांनी 'उत्तम'वर काट मारली.

"उत्तम कोण म्हणलं? मूळ स्थितीत लिही. अन् पोचा लिही. मागच्या सीटची शिवण उसवली आहे, ते लिही. घड्याळ बंद आहे, लिही. साहेबानं देली तवाच बंद होतं, तेही लिही."

"काका, ही गाडी विकायची जाहिरात आहे की तिच्याविरुद्ध तक्रारअर्ज?"

"खरं लिहायले काहून लाजतं? तू तर लीडर आहे."

जाहिरात मोबाईलवरून फोटोंसकट गेली आणि माझं जगणं संपलं. रोज फोन. अर्धे लोक मला म्हणायचे, "मॅडम, सरांना द्या." मी म्हणायचे, गाडीबद्दल मलाच विचारा. ते विचारायचे, "ॲव्हरेज किती देते?" मी खरं सांगायचे. ते फोन ठेवायचे.

जे प्रत्यक्ष यायचे, त्यांना वाटायचं आपण गाडी बघायला आलोय. तो त्यांचा गैरसमज. काका त्यांना अंगणात उभं करून त्यांचीच तपासणी करायचे. पहिला प्रश्न ठरलेला: "एकटेच आले?" पाहुणा हो म्हणाला की काकांचा चेहरा अर्धा उतरलेलाच असायचा.

एका बिल्डरचा मुलगा आला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "अंकल, फुल रेड करतो. नवं क्रोम, नवी सीट, मागं साउंड. गाडी एकदम आग!"

"मंग राहते काय जुनं?"

"नंबर प्लेट."

काकांनी त्याला स्वतः फाटकापर्यंत सोडलं आणि फाटकाची कडी लावली.

मग लग्नाची वरात करणारे एक गृहस्थ आले. नवरदेव मागच्या सीटवर, बॉनेटभर झेंडू. काका म्हणाले, "झेंडूचा चीक लागते रंगाले." गृहस्थ म्हणाले, "प्लॅस्टिकची फुलं लावू." काका म्हणाले, "प्लॅस्टिकच्या फुलाले प्लॅस्टिकची गाडी पाहा." तेही गेले.

आणि मग मुंबईहून एक संग्राहक आला. याच्यासाठी मी हार आणायचा तेवढा बाकी ठेवला होता. हा माणूस पांढरे हातमोजे घालून आला. माझ्या पत्रकांवर आडवा होऊन गाडीखाली शिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "काका, मी एक स्क्रू हलवणार नाही. रंग हाच, पोचा हाच. अशी हात न लावलेली गाडी मी देशात पाहिली नाही."

मी काकूंकडे पाहून हात उंचावला. झालं. सुटलो.

"एकटेच आले?" काकांनी विचारलं.

"हो."

"चालवन कोण?"

"चालवायची कशाला? थंड हॉलमध्ये राहील. भोवती दोरी. महिन्यातून एकदा इंजिन सुरू करू."

"म्हणजे स्टोअरमध्ये."

"म्युझियममध्ये, काका."

"तेच ते. मी नोकरीभर स्टोअरमध्येच होतो, साहेब. तिथं ठेवलेल्या मालाचं काय होते, मले माहीत आहे. चहा घ्या."

तो चहा पिऊन गेला. पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत गेला. आणि मग माझा तोल सुटला.

"काका, तुम्हाला गाडी विकायचीच नाही!"

"काहून? विकूनच तर राहिलो."

"रंग देणारा नको, वरातीत नेणारा नको, जपून ठेवणारा नको! मग पाहिजे कोण? तुम्हाला तुमच्यासारखाच दुसरा गणवीर पाहिजे का?"

"असला तर पाठव."

"काकूंची परवाची तारीख पुन्हा गेली! तिकडे डोळे चाललेत आणि तुम्ही इथे पोचा सांभाळत बसलात! आणि तुम्ही तरी कुठे चालवता ही? वर्ष होत आलं, फाटकाबाहेर काढली नाही. दोरी बांधायचीच काय ती राहिलीय!"

काकांनी पंप उचलला. नुकत्याच फुंकलेल्या काचेवर पुन्हा फुस्स केलं.

"पेट्रोल महाग झालं वं," ते म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला. "ओरडू नको वं त्यायले. त्यायले येते ऐकू. मले दिसत नाही, त्यायले ऐकू येते."

मी रागानं घरी निघून आले. आठवडाभर फोन घेतले नाहीत.

पराते दांपत्य जाहिरात पाहून थेट दारातच आलं. मौद्याला त्यांचं हार्डवेअरचं दुकान. दोघंही पन्नाशीचे. वाटेतच काहीतरी बिनसलेलं असावं, कारण फाटकातून आत आले तेच भांडत. पराते बाईंनी गाडीचं उजवं दार उघडलं, आत बसल्या, आणि दोन्ही हात पुढे केले. हाताला काहीच लागलं नाही.

"अहो! याचं स्टेअरिंग कुठं गेलं?"

पराते हसायला लागले. "डाव्या हातची आहे ना गाडी."

"हसता काय? तुम्हाले तरी चालवता येईन का डावीकडून? समोरचं दिसन का?"

"मले कायले दिसाले पाहिजे? तू सांगत राहशील. तसंही घरी दिवसभर सांगतच असते."

"सांगते म्हणून तर दुकान चालू आहे!"

मी काकांकडे पाहिलं. आता यांचीही चहावर बोळवण होणार, असं मी गृहीत धरलं होतं. काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. ते आत जाऊन गाडीची दुसरी किल्ली घेऊन आले आणि पराते बाईंच्या हातात दिली. पराते पुढे झाले होते, त्यांचा हात तसाच राहिला.

व्यवहार ठरवून ते गेल्यावर मी विचारलं, "अहो, त्यांनी उद्या रंग दिला तर?"

"देऊ दे. आता गाडी त्यायची आहे."

"मग त्या मुंबईवाल्यात काय वाईट होतं? यांच्यात असं काय पाहिलं?"

"बराबर भांडतात," काका म्हणाले.



गाडी मौद्याला पोचवायची होती, आणि ती स्वतःच चालवत नेणार असा काकांचा हट्ट. शेजारी काकू हव्यातच. मागच्या उसवलेल्या सीटवर मी, म्हणजे परत येताना काकूंना बसमध्ये चढवायला. हायवे नको, कारण तिथे पोरं गाडीला खेटून फोटो काढतात. म्हणून कामठीवरून मधला दोनपदरी रस्ता धरला. काका डावीकडे, काकू उजवीकडे, खिडकीची काच पूर्ण खाली.

कामठी सुटली आणि पुढ्यात कोळशाचा ट्रक आला. बैलगाडीच्या वेगानं चाललेला. आणि तेव्हा मला, इतकी वर्षं शेजारी राहून, पहिल्यांदा दिसलं की डावीकडे बसलेल्या काकांना ट्रकच्या पाठीशिवाय काहीच दिसत नाही. समोरून काय येतंय ते फक्त उजवीकडच्या माणसाला दिसतं.

"पाह्य वं समोर," काका म्हणाले.

काकूंनी पदर खोचला आणि डोकं खिडकीबाहेर काढलं. त्या किती सहज वाकल्या! पचमढीच्या घाटात, चिमूरच्या रस्त्यानं, जिथे जिथे ही गाडी गेली तिथे हे काम त्यांचंच होतं. मागे वळून मला म्हणाल्या, "पाय ह्यायचे, डोळे माह्ये. अशीच चालते ही गाडी." आणि पुन्हा बाहेर पाहून म्हणाल्या, "मोकळा आहे. जा."

मी मधोमध सरकून वाकले होते. समोरून एसटी येत होती.

मी ओरडायला तोंड उघडलं. आरशात काकांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग त्यांनी क्लच दाबला आणि ॲक्सिलरेटर दिला. इंजिन असं गरजलं की शेतातले बगळे उडाले. गाडी होती तिथेच, ट्रकच्या मागे. एसटी बाजूनं सूं करून गेली.

"निघालो?" काकूंनी विचारलं.

"निघालो. मागं पडला."

काकू सीटला टेकल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "धूर तर येऊनच राहिला."

"हा दुसरा आहे."

"मंग सांगा ना तसं," म्हणत काकूंनी पुन्हा पदर खोचला.

कधी रस्ता मोकळा असायचा आणि काकू म्हणायच्या, "थांबा, लॉरी येऊन राहिली." काका थांबायचे, "बरं झालं सांगतलं," म्हणायचे. कधी त्या "जा" म्हणायच्या आणि इंजिन गरजायचं. त्या एका ट्रकच्या मागे, सायकली आम्हाला ओलांडून जात असताना, आम्ही कितीतरी ट्रक मागे टाकले. खोटं दिसलं की उभ्याउभ्या पत्रक काढणारी मी, मागे गप्प बसून होते.

मौद्याच्या अलीकडे तो ट्रक आपणहून एका फाट्याला वळला. समोर रिकामा रस्ता आला. काकूंनी डोकं आत घेतलं, वाऱ्यानं विस्कटलेले केस सारखे केले.

"आज लई ट्रक होते रस्त्यानं," त्या म्हणाल्या.

"हाव ना," काका म्हणाले. "तू होती म्हणून निघालो."